आफ्रिकेत सिंह सोडून काय काय दिसतं? (बुजऱ्या प्राण्यांचा धागा)

माळरानी (सोमवार, रात्री १०:४०)

गेल्या महिन्यात ओळखीतलं एक जोडपं केनियातलं मसाई मारा करून आलं. घरी बोलावून टीव्हीवर फोटो दाखवले. सिंह, सिंह, चित्ता, हत्ती, पुन्हा सिंह, सिंहाची शेपटी. "बाकी काय दिसलं?" म्हणून विचारलं तर म्हणाले, "बाकी काही विशेष नाही गं, हरणंबिरणं." एका फोटोत सिंहीण जांभई देत होती. तिच्या मागे, पंधरा-वीस पावलांवर, गवतात एक सर्व्हल (तिकडचं रानमांजर) उभा! लांबच लांब पाय, बशीएवढे कान, मान तिरकी. मी उठून टीव्हीपाशी गेले आणि बोट ठेवलं. दोघंही म्हणाले, "अय्या, हे कधी आलं?"

त्यांना हसायचा मला काही अधिकार नाही. २०१६ ची माझी पहिली ट्रिप अगदी अशीच झाली. पुण्याहून ग्रुप, व्हॅनमध्ये सात जण, ड्रायव्हरच्या रेडिओवर सारखी खरखर. कुठे बिबट्या दिसल्याची बातमी आली की व्हॅन धूळ उडवत सुटायची. आम्ही पोचायच्या आत तिथे पंधरा गाड्या. चौथ्या दिवशी गेंडा दिसला आणि ड्रायव्हरने मागे वळून जाहीर केलं, "बिग फाइव्ह, फिनिश्ड!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र परीक्षेचा पेपर सुटल्यासारखं वाटलं. मुळात ही पाच जणांची यादी शिकाऱ्यांची. पायी शिकार करताना जे सर्वात जिवावर बेततात ते पाच: सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा. आपण कॅमेरा घेऊन जातो तर ती यादी आपल्याला कशाला हवी?

दुसऱ्या वेळी, २०१९ मध्ये, माराच्या राखीव क्षेत्रात न राहता शेजारच्या नाबोइशो कॉन्झर्वन्सीत राहिलो. ही जमीन मसाई कुटुंबांची, कॅम्पवाले त्यांना भाडं देतात. गाड्या मोजक्याच. आणि मुख्य म्हणजे तिथे रात्री फिरता येतं. खुद्द मारा रिझर्व्हमध्ये अंधार पडायच्या आत बाहेर पडावं लागतं. पहिल्याच दिवशी मी गाइडला सांगून टाकलं, "सिंह वाटेत आला तर बघू. शोधायला जायचं नाही." तो जरा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. चेष्टा करतेय का याचा अंदाज घेत असावा. मग हसला आणि गाडी भलत्याच दिशेला वळवली.

एका उघड्या मैदानावर, गवत चरून चरून खुरटलेलं, तिथे त्याने इंजिन बंद केलं. समोर एक बीळ, बिळाच्या तोंडाशी वटवाघळासारख्या कानांचं खोकड. पावणेदोन तास बसलो. नर बिळापाशी पिल्लांवर लक्ष ठेवून, मादी चरायला गेलेली. हो, चरायला, दुसरा शब्दच नाही. चार पावलं चालायची, थांबायची, मान खाली घालून दोन्ही कान जमिनीकडे वळवायची. डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात ना, तस्सं. मग एकदम पुढच्या पायांनी भराभर उकरायचं आणि कचाकचा चावायचं. वाळवी, भुंगे, अळ्या. या प्राण्याच्या तोंडात ४६ ते ५० दात असतात, आणि ते चावणं शांत हवेत आम्हाला गाडीत ऐकू येत होतं. त्या पावणेदोन तासांत आमच्या शेजारून तीन गाड्या गेल्या. एक थांबली. आतल्या माणसाने विचारलं, "लायन?" आमच्या गाइडने नाही म्हटल्यावर निघून गेली.

माझं म्हणणं एवढंच आहे: यातले निम्मे प्राणी तिथे भरपूर आहेत, गाडी थांबत नाही म्हणून दिसत नाहीत. उरलेले निम्मे रात्रीचे आहेत, आणि आपण तेव्हा बुफेच्या रांगेत असतो.

तर आपापले अनुभव टाका. सिंह-हत्तीचे फोटो या धाग्यावर नकोत, त्यांच्यासाठी दुसरे चाळीस धागे आहेत.

हिशोबी (सोमवार, रात्री ११:२५)

लेख झकास. पण एक भाबडी शंका. मारात जुलै ते डिसेंबर परदेशी माणसाला दिवसाचे नुसते प्रवेशशुल्क २०० डॉलर आहे. विमान, राहणं, गाडी वेगळं. एवढे पैसे ओतून बिळासमोर पावणेदोन तास बसायचं, आणि समोर कोण तर खोकड? आमच्या बारामतीकडच्या माळावर फुकट बसतो की.

माळरानी (सोमवार, रात्री ११:५०)

@हिशोबी, बसताच ना? मग झालं तर! बारामतीच्या माळावर बसणाऱ्या माणसाला आफ्रिकेत जास्त दिसतं, असा माझा अनुभव आहे. मी सासवडच्या माळरानावरच शिकले.

नैरोबीकर नाना (मंगळवार, सकाळी ७:१५)

माळरानीताई, जुन्या जखमेवर बोट ठेवलंत. नोकरीनिमित्त अकरा वर्षं नैरोबीत काढली. पुण्यामुंबईहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मारा दाखवायचं काम माझ्याकडे. हिशोब केला तर बत्तीस वेळा मारा. शेवटी शेवटी मी पाहुण्यांना अट घालायला लागलो: मारा तुम्ही जा, मी येणार ते सांबुरूला.

सांबुरू उत्तरेला, कोरडं, तांबड्या मातीचं. एवासो न्यिरो नदी मधून वाहते. तिथे गेरेनुक दिसतं. हरीणच, पण मान जिराफाकडून उसनी आणलेली. मागच्या दोन पायांवर सरळ उभं राहतं आणि पुढच्या पायांनी फांदी खाली ओढून बाभळीचा कोवळा पाला खातं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमच्या आळीतल्या शेळ्या आठवल्या, पण शेळी भिंतीचा आधार घेते, हे बेटं नुसतं उभं! मिनिटं मिनिटं. तिथलाच ग्रेव्हीचा झेब्रा. पट्टे बारीक, पोट पांढरं, कान गोल मोठे. १८८० च्या दशकात अबिसीनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) राजाने फ्रान्सचे अध्यक्ष ज्यूल ग्रेव्ही यांना एक भेट पाठवला, म्हणून हे नाव. जगात आता जेमतेम ३,००० च्या आसपास उरलेत आणि त्यातले बहुतेक केनियात. शेजारून पर्यटकांची गाडी जाते, "झेब्रा काय, मारात हजारो पाहिले" म्हणून कुणी मान वळवत नाही.

आणि सासवडचा विषय निघालाच आहे तर ऐका. एकदा पहाटे सांबुरूत आमचा ड्रायव्हर एकाएकी कुजबुजायला लागला, हात थरथरत होते. पट्टेवाला तरस! तिकडे ठिपक्यांचा तरस पैशाला पासरी, पट्टेवाला म्हणजे नवसाने दिसणारा. मी मागे बसलेल्या पाहुण्याला हलवून उठवलं. तो डोळे चोळत म्हणाला, "अहो नाना, हे तर आमच्या सासवडला दिसतं." ड्रायव्हरला भाषांतर करून सांगितलं नाही. मन मोडलं असतं.

एक उपयोगी गोष्ट सांगतो. ड्रायव्हरला इंग्रजी नावं सांगण्यापेक्षा स्वाहिली नावं पाठ करून जा. खवले मांजर म्हणजे काकाकुओना, आर्डवार्क म्हणजे मुहांगा, सर्व्हल म्हणजे मोंडो, कॅराकल (टोकदार कानांचं रानमांजर) म्हणजे सिंबामांगू, हनी बॅजर म्हणजे न्येगेरे. "मोंडो दाखव" म्हटलं की त्याचा चेहरा बदलतो. त्याला कळतं, हा माणूस वेगळा आहे. मग तो स्वतःहून लहानपणीच्या गोष्टी सांगायला लागतो, आणि बरोबर कुठे जायचं हे त्याला ठाऊक असतं.

टायरपंक्चर (मंगळवार, सकाळी ९:०२)

हिशोबीभाऊंसाठी लिहितो. गाइडवाली सफारी परवडत नसेल तर दक्षिण आफ्रिका. क्रूगर राष्ट्रीय उद्यानात स्वतःची भाड्याची गाडी घेऊन फिरता येतं, साधी हॅचबॅक चालते. डांबरी रस्त्यावर ५०, कच्च्यावर ४० ची मर्यादा. मी म्हणतो २० ने चालवा. आमच्याकडे एक नियम होता: बायको म्हणेल तेव्हा थांबायचं, का ते विचारायचं नाही. दहापैकी सात वेळा दगड निघायचा. आठव्या वेळी क्लिपस्प्रिंगर निघालं, छोटंसं हरीण, खडकाच्या टोकावर, खुरांच्या नुसत्या शेंड्यांवर उभं, बॅले नाचणाऱ्या बाईसारखं.

गाडी घेऊन रात्री कॅम्पबाहेर राहता येत नाही, फाटकं बंद होतात. पण उद्यानवाल्यांच्याच उघड्या ट्रकमधून रात्रीची फेरी कॅम्पवर बुक करता येते, परवडते. आणि तीही नको असेल तर जेवण झाल्यावर टॉर्च घेऊन कॅम्पच्या कुंपणाच्या कडेने आतून चक्कर मारा. फुकट. आम्हाला अशीच जेनेट दिसली, मांजरासारखं ठिपक्यांचं जनावर. कुंपणापलीकडे नव्हे, अलीकडे, शेजारच्यांच्या शेगडीवरच्या हाडांवर डोळा ठेवून.

पण खरी मजा कालाहारीत. क्गालागाडी पार्क, दक्षिण आफ्रिका आणि बोत्सवाना मिळून केलेला. औब आणि नोसोब या दोन कोरड्या नद्या, पात्राच्या कडेने रस्ता, वाळू. टायरमधली हवा कमी करून चालवायची. मी केली नाही. आयडीचं रहस्य इथे आहे.

नोसोब कॅम्पच्या अलीकडे टायर गेला. तिथे ठरावीक जागा सोडून गाडीतून उतरायला बंदी, कारण सिंह. त्यामुळे दुसरी गाडी येऊन आजूबाजूला पाहीपर्यंत आत बसून राहायचं. पन्नास मिनिटं कोणी आलं नाही. बायको बोलत नव्हती. तेवढ्यात पात्रातून एक हनी बॅजर आला. काळा, पाठीवर राखाडी-पांढरी शाल टाकल्यासारखा, दुडक्या चालीने, जगाची पर्वा नाही. त्याच्या मागे तीन-चार फुटांवर एक ससाणा चालत होता. उडत नव्हता, चालत होता! राखाडी अंग, केशरी लांब पाय, पेल चँटिंग गॉसहॉक. बॅजर थांबला की हा थांबायचा. बॅजर एका बिळावर तुटून पडला, माती मागे फेकली गेली ती अक्षरशः आमच्या दारावर. तो बिळाच्या एका तोंडाशी उकरतोय आणि दुसऱ्या भोकातून उंदीर बाहेर. ससाण्याने पाऊल टाकलं आणि उचलला. बॅजरला पत्ताही नाही, किंवा असून फिकीर नाही. मग दोघं पुढच्या बिळाकडे.

मदतीला जी गाडी आली तिच्यातला म्हातारा म्हणाला, "तीस वर्षं येतोय, असं एवढं जवळून कधी पाहिलं नाही." बायको त्यानंतर बोलायला लागली.

डॉ. मुंगूस (मंगळवार, दुपारी १:३०)

सुंदर प्रतिसाद. दोन दुरुस्त्या, सवयीने.

एक. गॉसहॉकला ससाणा म्हणता येणार नाही, तो शिक्र्याच्या जवळचा. जाऊ दे.

दोन. हनी बॅजर हा आपल्याकडचाच प्राणी आहे, जात तीच. वनखात्याच्या पाणवठ्यावरच्या प्राणिगणनेत तो "चांदी अस्वल" या नावाने येतो. अस्वलाशी काही संबंध नाही, तो मुंगसाचाही नव्हे, पाणमांजराच्या कुळातला. पुण्यामुंबईतल्या किती जणांनी तो महाराष्ट्रात पाहिलाय, हात वर करा.

आणि एक नवी गंमत. टांझानियातल्या सेरेंगेटीत जुन्या लोकांनी "सोनेरी कोल्हा" म्हणून जो पाहिला, तो कोल्हा नाही. २०१५ मध्ये जनुकं तपासल्यावर कळलं की आफ्रिकेतला हा प्राणी आपल्याकडच्या कोल्ह्यापासून वेगळा आहे आणि लांडग्याला जास्त जवळचा. आता त्याला आफ्रिकन सोनेरी लांडगा म्हणतात. म्हणजे २०१५ पूर्वी ज्यांनी सेरेंगेटी केली त्यांनी घरबसल्या आपल्या यादीत एक लांडगा वाढवून घ्यावा.

हिशोबी (मंगळवार, दुपारी २:१०)

हा प्रतिसाद आवडला. फुकट लांडगा.

आजीचा चष्मा (मंगळवार, रात्री ८:४५)

धागा वाचून राहवलं नाही. गेल्या वर्षी आईला घेऊन झांबियाला गेले होते, साउथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानात. आई बहात्तरची. सगळ्यांनी वेड्यात काढलं. "तिला कशाला जीपमध्ये हाडं खिळखिळी करायला?"

लुआंग्वात रात्रीची फेरी हा नेहमीचाच कार्यक्रम, खास परवानगी वगैरे नाही. दुपारी निघायचं, सूर्यास्ताला नदीकाठी चहा, आणि मग अंधारात परत. पुढे बोनेटपाशी एक मुलगा सर्चलाइट घेऊन बसतो आणि प्रकाश डावी-उजवीकडे फिरवत राहतो. जुलैत मरणाचं गार असतं उघड्या जीपमध्ये. मांडीवर गरम पाण्याची पिशवी दिली होती, आईने ती उतरताना परत करायला साफ नकार दिला.

मला वाटलं होतं आई झोपेल. तर झालं उलटं. आम्ही सगळे प्रकाशाच्या मागे मागे डोळे फिरवत होतो, आई मात्र प्रकाश जिथून नुकताच गेला तिथे बघत होती. म्हणाली, "तो पोरगा उजेड नेतो तिकडे सगळे डोळे मिटतात. मागे राहतात ते उघडतात." पहिल्याच रात्री तिने झाडावर दोन तांबूस ठिणग्या दाखवल्या. ठिणग्या टुणकन दुसऱ्या फांदीवर गेल्या. बुशबेबी! मुठीएवढा जीव आणि तोंडभर डोळे. त्यानंतर तो मुलगा दर पाच मिनिटांनी वळून आईकडे बघायचा, "मामा?" आई मान हलवायची, नाही, पुढे चल.

साळिंदर दोन दिसले, एकामागे एक, काटे खुळखुळत. पांढऱ्या शेपटीचं मुंगूस. आणि एक मोठं थोरलं मांजरासारखं काहीतरी, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं, पाठीवर आयाळ, डोळ्यांवर बुरखा. आई म्हणाली, "हे आपलं उदमांजर. माळ्यावर यायचं." डॉक्टरसाहेब, बरोबर का?

डॉ. मुंगूस (मंगळवार, रात्री ९:३०)

आजींना साष्टांग नमस्कार. ते आफ्रिकन सिव्हेट. माळ्यावर येणारं उदमांजर त्याच कुळातलं, पण हे बरंच मोठं, भारदस्त, आणि झाडावर क्वचितच चढतं. आपल्याकडच्या जवादी मांजराशी जास्त साम्य. पण "आपलं" म्हणायला माझी हरकत नाही.

उजेडाबद्दल मात्र लिहायला हवं. दिवसा वावरणाऱ्या प्राण्यांवर, म्हणजे हरणं, हत्ती वगैरे, प्रकाशझोत रोखून धरायचा नसतो. त्यांचे डोळे दिपतात आणि पुढची काही मिनिटं ते शिकारी प्राण्याला आयते सापडतात. चांगला गाइड हरणाचे डोळे चमकले की लगेच झोत उचलतो, आणि रात्रीच्या प्राण्यावर थांबायचं असेल तर लाल काच लावतो. तुमचा गाइड हे करत नसेल तर टिप कापा.

कोकणी खवल्या (बुधवार, सकाळी ६:५०)

अजून कोणी खवले मांजराबद्दल कसं लिहिलं नाही? की कोणाला दिसलंच नाही?

मला दिसलंय. आयुष्यात दोनदा. एकदा आमच्या रत्नागिरीत लहानपणी, चुलत्यांच्या बागेत, कंदिलाच्या उजेडात, चेंडू होऊन बसलेलं. दुसऱ्यांदा दक्षिण आफ्रिकेत. कुठे ते सांगणार नाही, रागावू नका. तिथल्या गाइडने पहिली गोष्ट केली ती म्हणजे आमचे फोन मागून घेतले आणि फोटोतली जागेची नोंद बंद करून परत दिले. फोटोवरून शिकारी जागा शोधतात. खवल्यांसाठी जगात सर्वात जास्त चोरटा व्यापार होणाऱ्या सस्तन प्राण्यांत हे येतं. खवलं म्हणजे तरी काय, आपल्या नखाचाच पदार्थ, केराटिन. २०१६ च्या जोहान्सबर्गच्या साइट्स (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिषदेत आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला, तरी चालूच आहे.

आमच्या कोकणातलं ते चार पायांवर चालतं. हे तिकडचं मागच्या दोन पायांवर चालत होतं! पुढचे पंजे छातीशी दुमडलेले, शेपूट मागे तोल धरायला, मान खाली. देवळात प्रदक्षिणा घालणारे भटजी आठवले, उपरणं सावरत, तोंडाने पुटपुटत. आम्ही सहा जण, कोणी श्वास घेत नव्हतं. ते आमच्याकडे न बघता एका मुंग्यांच्या वाटेपाशी थांबलं, दोन पंजे मारले, जीभ आत-बाहेर, आणि पुढे. चार मिनिटं असेल सगळं. ट्रॅकर तिथला, त्याच्या आयुष्यातलं ते सहावं का सातवं.

जाता जाता: २०२० मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या डुगवे गावाने खवलोत्सव केला, सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेबरोबर. खवले मांजराची प्रतिकृती पालखीत. हे मी त्या ट्रॅकरला सांगितलं. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. फोनवर फोटो दाखवला तेव्हा तो फोन हातात धरून बराच वेळ बसून राहिला.

टायरपंक्चर (बुधवार, सकाळी ९:४०)

@खवल्या, अंगावर काटा. जागा विचारत नाही.

रानभूल (बुधवार, दुपारी १२:२०)

वाचनखूण साठवली आहे. मला रानकुत्र्यांचं वेड आहे म्हणून तेवढंच लिहितो. आफ्रिकन पेंटेड डॉग, आपल्या कोळसुंद्याचा लांबचा भाऊबंद. सगळे मिळून साडेसहा हजारांच्या आसपास. दोन सारख्या रंगाचे कधी सापडत नाहीत, पुढच्या पायाला चारच बोटं. सेरेंगेटीतून १९९१ च्या सुमारास पार नाहीसे झाले होते, २०१२ पासून पुन्हा आणून सोडले.

त्यांना शोधायचं तर महिना महत्त्वाचा. एरवी टोळी रोज मैलोन्मैल भटकते, आज इथे उद्या कुठे पत्ता नाही. पण दक्षिणेकडे जून ते ऑगस्ट पिल्लं बिळात असतात, तेव्हा टोळी एका जागी बांधलेली. मी बोत्सवानात जुलैत गेलो. सकाळी सगळे धुळीत लोळत होते, एक उठला, अंग झाडलं, आणि शिंकला. मग दुसरा. मग तिसरा. गाइड म्हणाला, मतदान चाललंय. मी हसलो. पण २०१७ मध्ये तिथल्याच टोळ्यांवर अभ्यास होऊन छापून आलंय: जितक्या जास्त शिंका, तितकी टोळी शिकारीला निघायची शक्यता जास्त. वरिष्ठ कुत्र्याने पुढाकार घेतला असेल तर कमी शिंका पुरतात. आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखंच.

त्या दिवशी नऊ शिंका मोजल्या. निघाले.

हिशोबी (बुधवार, दुपारी ३:००)

बायकोला धागा वाचायला दिला. ती विचारतेय, आर्डवार्क कुठे दिसतो? नाव उच्चारता येत नाही पण तोच हवा म्हणते.

माळरानी (बुधवार, रात्री १०:१५)

@हिशोबी, वहिनींना सांगा, त्या एकदम दहावीच्या पेपरला बसल्यात!

आर्डवार्क म्हणजे आफ्रिकान्स भाषेत मातीतलं डुक्कर, पण डुकराशी नातं नाही. सशाचे कान, डुकराचं नाक, कांगारूची शेपटी. त्याच्या गणात आज तो एकटाच उरलाय. भर रात्री निघतो, मैलोन्मैल वाळवी हुडकत फिरतो, म्हणून दिसत नाही. मात्र त्याची बिळं सगळीकडे दिसतात. रानडुकरं, साळिंदरं, तरस, सगळे त्याच्या सोडलेल्या बिळांत भाडेकरू. नाबोइशोतल्या गाइडने मला बिळं वाचायला शिकवलं: तोंडाशी कोळ्याचं जाळं असेल तर आत कोणी नाही. ताजी ओली माती आणि माशा घोंघावत असतील तर आहे कोणीतरी. आणि बिळाच्या अगदी समोर उभं राहायचं नाही. रानडुक्कर आत उलटं शिरतं आणि सुळे पुढे करून तोफेच्या गोळ्यासारखं बाहेर येतं.

बघायचाच असेल तर दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या भागात, जून ते ऑगस्ट. कडाक्याची थंडी, रात्री पारा शून्याखाली. त्यामुळे तो उन्हं असतानाच, तिसऱ्या प्रहरी बाहेर पडतो. कालाहारीतलं त्स्वालू हे खासगी राखीव क्षेत्र यासाठी प्रसिद्ध आहे, पण तिथला दर ऐकून हिशोबीभाऊ हा धागा सोडून जातील. किंबर्लीच्या आसपासच्या शेतांवरच्या रात्रीच्या फेऱ्या त्या मानाने आवाक्यातल्या. मी तिकडेच गेले २०२३ मध्ये. तीन रात्री. पहिल्या रात्री काळ्या पायांचं मांजर दिसलं, आफ्रिकेतली सर्वात छोटी मांजरजात, मोठं झालं तरी दोन-अडीच किलोच्या आतलं. गवताच्या बुंध्याशी चपटं होऊन बसलं होतं, डोळे चमकले नसते तर ढेकूळ समजून पुढे गेलो असतो. दुसऱ्या रात्री स्प्रिंगहेअर, उंदराच्या जातीचं पण कांगारूसारखं उड्या मारणारं, पन्नास तरी असतील, आणि एक आर्डवुल्फ. तो तरसाच्या कुळातला, पण हाडं फोडायचं सोडून रात्रभरात दोन-तीन लाख वाळव्या चाटतो. आर्डवार्क नाही.

तिसऱ्या रात्री साडेअकराला गाइड म्हणाला, आता परतू. तेवढ्यात समोर मातीचा फवारा. नुसता फवारा, आणि त्यातून वर आलेलं एक जाड शेपूट. प्राणी अर्धा जमिनीत. आम्ही वीस मिनिटं एका आर्डवार्कचा पार्श्वभाग बघितला. मग तो बाहेर आला, कान झाडले, आमच्याकडे बघून लांब नाक वर केलं, हुंगलं, आणि अंधारात चालता झाला. फोटो सगळे शेपटीचे. कोणाला दाखवले तर विचारतात, हे काय, पोतं?

नैरोबीकर नाना (गुरुवार, सकाळी ७:००)

पोतं! हसून खोकला लागला.

हिशोबी, स्वस्तातलं आणखी एक. केनियात कितालेजवळ साइवा स्वॉम्प म्हणून टीचभर राष्ट्रीय उद्यान आहे, तीन चौरस किलोमीटरच्या आसपास. गाडीच नाही, पायी फिरायचं. दलदलीत सिटाटुंगा नावाचं हरीण राहतं, लांब फताडे खूर, चिखलात रुतू नयेत म्हणून. धोका वाटला की पाण्यात बुडी मारून नुसतं नाक वर ठेवतं. लाकडी मचाणावर पहाटे बसायचं, डबा बरोबर न्यायचा. मी, बायको आणि धपाटे. सातव्या धपाट्याला दिसलं.

हिशोबी (गुरुवार, सकाळी ११:३०)

नाना, हे जमेल. मचाण, डबा, पायी. हे आमच्या बजेटमधलं आफ्रिका आहे. पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते ना?

आजीचा चष्मा (गुरुवार, दुपारी १२:०५)

हो, आणि निघायच्या किमान दहा दिवस आधी. केनिया, युगांडाहून परत येताना आपल्याच विमानतळावर लसीचं पिवळं कार्ड मागतात, नसेल तर विलगीकरणात बसवतात. तिथे मात्र डास सोडून कुठलाच वन्य प्राणी दिसत नाही.

रानभूल (गुरुवार, संध्याकाळी ६:४०)

@माळरानी, त्या जोडप्याचं पुढे काय झालं? सर्व्हलवाल्या?

माळरानी (गुरुवार, रात्री ११:४८)

विचारूच नका. त्या दिवसापासून दोघं चौदाशे फोटो पुन्हा पहिल्यापासून बघतायत, मोठे करकरून. जेवणं झाली की टीव्ही लावतात. आत्ता दहा मिनिटांपूर्वी व्हॉट्सअॅपवर फोटो आलाय, हत्तीच्या पायामागच्या झुडपावर लाल गोल काढलेला. "हे दोन कान कोणाचे? कॅराकल का?" मला तर काही ठरवता येईना. डॉक्टरसाहेब, खासगी निरोपाने पाठवलाय, बघता का?

डॉ. मुंगूस (शुक्रवार, रात्री १२:२०)

पाहिला. कान नाहीत, वाळकी पानं आहेत.

पण त्यांना म्हणावं गोल चुकीच्या जागी काढलाय. फोटोच्या डाव्या कडेला वारूळ आहे, त्याच्या भोकांतून बघा. बुटकी मुंगसं. मी चार मोजली, पाचव्याची नुसती शेपटी आहे.